मुक्कामी मामा

पूर्वी परदेशवारी करून आलेल्या माणसाला सोसायटीच्या कट्ट्यावर एकच प्रश्न विचारला जायचा, "काय काय पाहिलंत?" आणि तोही छाती पुढे काढून सांगायचा, "आठ दिवसांत पाच देश." पहाटे साडेपाचला उठवणार, साताच्या आत बसमध्ये कोंबणार, दुपारी राजवाडा, संध्याकाळी चर्च, रात्री पुलाव. फोटोत मागे मनोरा दिसला नसता तर तो फोटो कुठल्या देशातला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

हा प्राणी आता मागे पडत चाललाय. त्याच्या जागी दुसरी जात आलीय. हिला विचारा, काय पाहिलंत? ती खुर्चीत मागे रेलते, डोळे अर्धे मिटते आणि म्हणते, "छे हो! आम्ही पाहत-बिहत नाही काही. आम्ही निवांत असतो." आधीच्याला पाहिल्याचा अभिमान, हिला न पाहिल्याचा. असे दोन निवांत एका कट्ट्यावर भेटले की चढाओढ लागते. एकाने तीन देवळं टाळलेली असतात, दुसरा म्युझियम धरून सहा ठिकाणं टाळून आलेला असतो. तिसरा बिचारा खरंच सगळं बघून आलेला. तो ओशाळून विषय बदलतो.

या जातीचा अस्सल नमुना म्हणजे आमचे मामा.

मामा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. कोकणातल्या एका आगारात, जाळीच्या खिडकीआड, माइकसमोर त्यांची बहुतेक नोकरी गेली. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे" म्हटलं की फलाटावरची कुत्रीसुद्धा मान वर करायची, असं त्यांचं म्हणणं. गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली तरी त्या दिवशी मामांना जेवण जायचं नाही. लोकांच्या शिव्या, चालकांच्या रजा, वाहकांचे हिशेब आणि घाटात कोसळलेली दरड, या सगळ्यातून त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या. निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात असतानाच त्यांनी जाहीर केलं, "आता मी कुठल्याही गाडीसाठी धावणार नाही." माणसं निरोपाच्या भाषणात काहीही बोलतात, पण मामांनी हा शब्द पाळला.

मामेभाऊ मेलबर्नला असतो. मुंबईहून बँकॉक साडेचार तास, तिथून मेलबर्न आणखी नऊ. एवढा प्रवास एका दमात झेपायचा नाही म्हणून त्याने मध्ये बँकॉकला दोन रात्रींचा थांबा घालून दिला. मलाही कामासाठी तिकडेच जायचं होतं, त्यामुळे मी आपोआप सामानाचा वाटेकरी झालो. फोनवर भाऊ मामांना स्टॉपओव्हर म्हणजे काय ते समजावत होता. मामांनी त्याला मध्येच तोडलं, "अरे, मुक्कामी गाडी म्हण की! संध्याकाळी गावात जायचं, रात्री तिथेच झोपायचं, सकाळी निघायचं. आम्ही हजार सोडल्यात."

फरक एवढाच, की मुक्कामी गाडीचा चालक पहाटे उठतो.

थायलंडला पोहोचण्याआधी तीन दिवसांच्या आत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. १ मे २०२५ पासूनचा हा नियम. ते मामींनी भरलं. स्वतःचं भरलं, मग मामांचं. चष्मा लावून पासपोर्टचा नंबर तीनदा ताडून पाहिला, हॉटेलचा पत्ता एकेक अक्षर करत घातला, फोनवर आलेला क्यूआर कोड दोन प्रतींत छापून घेतला आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून ती पिशवी पर्समध्ये ठेवली. मामा शेजारी चहा घेत सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "मला वाटलं होतं फॉरेनला जायची फार कटकट असते. काहीच नाही की!"

बँकॉकचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. विमान टेकल्या टेकल्या मामींनी घड्याळ पुढे केलं. मामांनी हात आखडता घेतला. "कशाला? परत येताना पुन्हा मागे करावं लागेल." त्यामुळे बँकॉकमध्ये मामा कायम भारतीय वेळेवर राहिले. आम्ही साडेअकराला खाली जमायचं ठरवलं की ते एकला येणार आणि घड्याळ पुढे करून दाखवणार, "साडेअकरा!" दीड तास उशीर आणि मन स्वच्छ, असा योग संतमहंतांनाही येत नसेल.

सुवर्णभूमी विमानतळावरून शहरात जायला रेल्वे आहे. फाया थाईपर्यंत अर्ध्या तासाच्या आत पोचवते, भाडं ४५ बाट. तिथून उंचावरून धावणारी स्कायट्रेन, ती १९९९ पासून चालू आहे. सियामला गाडी बदलायची आणि नदीकाठच्या सफान ताकसिनला उतरायचं. डब्यात पाय ठेवल्याबरोबर एका शाळकरी मुलीने मामांना बघून जागा दिली. मामांनी ती घेतली, चपला काढल्या आणि म्हणाले, "बघ, काय सुंदर व्यवस्था आहे." मामी दोन बॅगा, एक पिशवी आणि वर लोंबणारी कडी यांच्यामध्ये उभ्या होत्या. त्यांना व्यवस्था बघायला हात मोकळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चाओ फ्राया नदीवर गेलो. सकाळी म्हणजे मामांच्या सकाळी. नदीतून चालणाऱ्या होड्यांच्या शेपटीला रंगीत बावटे असतात. नारिंगी बावट्याची होडी सर्वसामान्यांची, कुठेही जा, सोळा बाट. मामी आणि मी काठावरच्या उंच इमारती, देवळांचे कळस, पुलांचे खांब बघत होतो. मामांची पाठ या सगळ्याकडे. ते वाहक बाईंकडे टक लावून बघत होते.

त्या बाईंच्या हातात वीतभर-दीड वीत लांबीची पत्र्याची नळी होती. तिला मधोमध झाकण. झाकण उघडलं की आत एका बाजूला तिकिटांची गुंडाळी, दुसऱ्या बाजूला सुटी नाणी. गर्दीतून सरकताना बाई ते झाकण उघडमीट करायच्या, कट्-कट्, कट्-कट्. उतारू आपोआप खिशात हात घालायचे. तोंडाने एक शब्द नाही. मामा उठून उभे राहिले. नियंत्रक पदावर जायच्या आधी त्यांनीही काही वर्षं चिमटा वाजवत तिकिटं फाडली होती. "हे बघ, हे बघ," ते माझा दंड दाबत म्हणाले, "डावा अंगठा झाकणावर, उजव्या हातात नोट. नाणं घसरत नाही. नळी मिटली की गल्ला बंद."

तेवढ्यात धक्का आला. होडीच्या मागच्या टोकाला एक पोरगा दोर घेऊन उभा होता, तोंडात शिट्टी. नाखवा पुढे, त्याला मागचं काही दिसत नाही. तो नुसता शिट्टी ऐकतो. दोन लांब शिट्ट्यांवर होडी मंदावली, तुटक शिट्ट्यांवर मागे आली, एका कर्कश शिट्टीवर टायरांना घासून थांबली. पोराने दोराचा वेढा खांबाला टाकला, माणसं उतरली, चढली, पुन्हा शिट्टी, दोर सुटला, होडी निघाली. सगळं मिळून श्वास घ्यायला लागावा एवढा वेळ. मामांनी भारतीय वेळेचं घड्याळ पुन्हा पुन्हा बघितलं आणि गंभीर होऊन म्हणाले, "डबल बेलचा शोध आपण लावला असं मला वाटत होतं."

आमचा धक्का या संशोधनात मागे गेला. पुढच्या धक्क्यावर उतरून उलट होडी पकडली. मामांना त्याचं दुःख नव्हतं, मागच्या पोराच्या शिट्ट्या त्यांना पुन्हा एकदा पहिल्यापासून ऐकायला मिळाल्या.

ग्रँड पॅलेस म्हणजे बँकॉकचं नाक. राम पहिला या राजाने १७८२ मध्ये राजधानी नदीच्या या काठावर आणली आणि हा वाडा बांधायला घेतला. परदेशी माणसाला आत जायचे ५०० बाट, म्हणजे आपले हजाराच्या वर. मामांनी पाटी वाचली, मनातल्या मनात गुणाकार केला आणि त्यांच्या चेहऱ्यावर परम निवांतपणा पसरला. शिवाय त्यांनी हाफ पँट घातली होती. आत गुडघे उघडे चालत नाहीत. हा नियम त्यांना आदल्या रात्रीच ठाऊक होता, असा मामींचा अजूनही संशय आहे. बाहेर भाड्याने, विकत अशा लांब विजारी मिळतात. पण मामा म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी इथे बाकावर आहे. शहर बघायचं तर बसून बघावं."

आत मामींनी काय बघितलं नाही ते विचारा. पाचूचा बुद्ध म्हणतात ती मूर्ती जेमतेम ६६ सेंटिमीटर उंचीची आहे. ती एवढ्या उंच आसनावर आहे की मान दुखते. तिची वस्त्रं वर्षातून तीनदा, उन्हाळा, पावसाळा आणि थंडी सुरू होताना बदलली जातात, आणि तो मान राजाचा. देवळाभोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलेलं आहे, १७८ चित्रं. त्यांचं रामायण म्हणजे रामकियेन. दाराशी रखवालीला उभ्या असलेल्या राक्षसांत हिरव्या अंगाचा, डोक्यांची उतरंड रचलेला रावणही आहे. मामी भिंतीला नाक लावून एकेक प्रसंग ओळखत चालल्या होत्या. हा सेतू, ही अशोकवाटिका, हे कुंभकर्णाचं झोपणं. ("तुझ्या मामांना दाखवायला हवं होतं.") एका चित्रापाशी मात्र त्या थबकल्या. शुभ्र मारुती पाण्यात एका सोनेरी मत्स्यकन्येच्या मागे. मी सांगितलं, या रामायणातला मारुती ब्रह्मचारी नाही, त्याला ती आवडते आणि दोघांना मुलगाही होतो. मामींनी इकडेतिकडे पाहिलं, कानाच्या पाळीला हात लावला आणि पुढच्या चित्राकडे गेल्या. चार पावलांवरून परत आल्या आणि तेच चित्र पुन्हा नीट बघितलं.

इकडे बाकावर वेगळंच नाट्य चाललं होतं. ते मला मामांच्याच तोंडून कळलं, पण शेवटचा अंक मी डोळ्यांनी पाहिला.

पॅलेसच्या बाहेर नीटनेटके, इस्त्रीचा शर्ट घातलेले, गोड बोलणारे काही गृहस्थ फिरत असतात. गोंधळलेला पाहुणा दिसला की ते आपुलकीने सांगतात, "पॅलेस आज बंद आहे. सण आहे." पाहुण्याचा चेहरा पडतो. मग हळूच, "काळजी नको. माझ्या ओळखीचा टुकटुकवाला आहे, वीस बाटात चार देवळं दाखवेल." चार देवळांच्या मध्ये एक खड्यांचं दुकान लागतं आणि खरा खेळ तिथे असतो. हा प्रकार जुना, सगळ्या जगाला माहीत, तरीही रोज कुणीतरी फसतं. पॅलेस चालू आहे की नाही ते दारावर जाऊन बघावं, हा त्यावरचा साधा उपाय.

असा एक गृहस्थ मामांच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "पॅलेस टुडे क्लोज्ड."

"व्हेरी गुड!" मामा म्हणाले.

गृहस्थाच्या उभ्या आयुष्यात हे उत्तर आलं नसावं. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. तो पुन्हा म्हणाला. मामांनी त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केल्यासारखा हलवला. ज्या वाड्यात आपण जात नाही तो मुळात बंदच आहे, याहून मोठा आनंद निवांत माणसाला असू शकत नाही. गृहस्थाने नकाशा काढला, देवळांवर पेनाने गोल केले, वीस बाट म्हणाला. मामा म्हणाले, "लेटर." केव्हा? "लेटर, लेटर. सिट." आणि त्यांनी बाकावर हात आपटून त्याला जागा करून दिली.

त्यानंतर त्याचं काय झालं ते अंदाजानेच समजून घ्यावं. मामींनी डब्यात दिलेली खोबऱ्याची वडी त्याच्या हातावर पडली. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी सुटली, ही माहिती त्याला मिळाली. घाटात दोन गाड्या समोरासमोर आल्या तर मागे कुणी घ्यायची, हे मामांनी त्याच्याच नकाशावर त्याच्याच पेनाने काढून दाखवलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा तो दुसरी वडी खात होता आणि त्याच्या डोळ्यांसमोरून नकाशा घेतलेली, गोंधळलेली, फसायला अगदी तयार अशी एक मोठी युरोपी पार्टी निघून जात होती. तो उठायला लागला की मामा त्याच्या मांडीवर हात ठेवत. आम्हाला बघताच त्याने संधी साधली, हात जोडले आणि जवळजवळ पळत सुटला. इतक्या प्रवाशांना एका दुपारी फसवणुकीपासून वाचवणारा दुसरा मराठी माणूस माझ्या माहितीत नाही.

"आज बंद आहे म्हणे," मामांनी आम्हाला बातमी दिली.

"मग आम्ही आत्ता आलो कुठून?" मामी.

"घाईघाईने गेलात म्हणून उघडा सापडला."

मारुतीचा प्रकार मामींनी दबल्या आवाजात सांगितला तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "म्हणूनच मी बाहेर बसलो."

तिथून चालत दहा मिनिटांवर वाट पो हे देऊळ. इथे मात्र मामा आत आले, कारण आवारात लांब विजार घालायला हवी हे कळल्यावर मामींनी बॅगेतून त्यांचीच विजार काढून पुढे केली. आतला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच. पूर्ण दिसतच नाही. खांबाखांबांमधून कुठे खांदा, कुठे कोपर, कुठे डोळा. तळपायांवर शिंपल्याच्या जडावाने १०८ शुभचिन्हं कोरलेली. मामा कधी नव्हे ते गप्प झाले. हात जोडून बराच वेळ उभे राहिले. मग हलकेच म्हणाले, "अजिंठ्याच्या सव्वीस नंबरच्या लेण्यात अशीच मूर्ती आहे. महापरिनिर्वाणाची. तिथे यात्रेच्या जादा गाड्यांवर होतो तेव्हा पाहिली होती. तिथे शांत वाटलं होतं, तसंच वाटलं." मूर्तीच्या पाठीमागच्या बाजूने काशाची १०८ भांडी ओळीने मांडलेली आहेत, त्यात एकेक नाणं टाकत जायचं. मामी टाकत गेल्या, टण, टण, टण. मामा चपलांच्या पिशवीजवळ थांबले. पिशवी अर्थात मामींनी दिलेली.

वाट पो हे थाई मसाजचं माहेरघर. त्या विद्येला २०१९ मध्ये युनेस्कोने मानवतेचा वारसा म्हणून यादीत घेतलं. आवारातच ती सोय आहे. आडवं पडायचं, काही बघायचं नाही, काही करायचं नाही, हे ऐकून मामा स्वतःहून पुढे झाले. त्यांच्या वाट्याला आलेल्या बाई उंचीने त्यांच्या खांद्याला लागत होत्या. त्यांनी आधी नमस्कार केला, मग अंगठा पोटरीत घातला, मग कोपर मांडीत, मग गुडघा पाठीत. "आई गं!" पासून सुरुवात करून मामा दोन-तीन ग्रामदेवतांपर्यंत गेले. निवांतपणासाठी इतकं सोसावं लागतं हे त्यांना मान्य नव्हतं. शेजारच्या गादीवर मामी होत्या. पहिल्या पाच मिनिटांत त्यांचा डोळा लागला. मुंबई सोडल्यापासून त्यांच्या हातात पिशवी नाही आणि डोक्यात यादी नाही, असा तो पहिलाच तास. उठवायला गेलो तर त्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि मामींच्या पायावरची चादर सारखी केली.

पैलतीरावर वाट अरुण. था तियन धक्क्यावरून पाच बाटांत होडी पलीकडे नेते. मनोऱ्याजवळ जाईपर्यंत वाटतं, नक्षी रंगवलेली आहे. जवळ गेलं की ती कपबश्यांच्या, ताटल्यांच्या चिनी मातीच्या तुकड्यांची निघते. बशीची एक कड म्हणजे पाकळी, वाटीचं बूड म्हणजे फुलाचा गाभा. मामींनी एका फुलावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "घरी कप फुटला की मी दुसऱ्या मिनिटाला टाकून देते." मामा अर्थातच पायऱ्या चढले नाहीत. खालून म्हणाले, "मला इथून जास्त दिसतंय."

त्या दिवशी मामींचा गुरुवार होता. थाई स्वयंपाकात मासळीचं पाणी कशात असेल याचा नेम नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत इंग्रजी १७ सारखं दिसणारं चिन्ह दिसलं की तिथलं अन्न पूर्ण शाकाहारी. कांदा-लसूणसुद्धा नाही. हे चिन्ह मी घोकून गेलो होतो, पण शोधलं मामींनीच, तीन गल्ल्या पालथ्या घालून. मामा दरम्यान एका सरबताच्या गाडीजवळच्या प्लास्टिकच्या स्टुलावर मुक्कामाला होते. जेवणाच्या शेवटी आंबा आणि चिकट भात आला. भात नारळाच्या दुधात मुरलेला, शेजारी पिवळाधमक आंबा, वर कुरकुरीत मुगाची डाळ. मामांनी पहिला घास घेतला, रत्नागिरीच्या माणसाला शोभेल असा चेहरा केला आणि निकाल दिला, "हापूस नाही." मग त्यांनी दुसरी बशी मागवली. तोपर्यंत मामी दुकानात रात्रीसाठी दही घ्यायला गेल्या. डब्यावरचं वर्ष बघून घाबऱ्या होऊन परत आल्या. थायलंडमध्ये बुद्ध संवत चालतो, आपल्यापुढे ५४३ वर्षं. आपल्या २०२६ ला तिथे २५६९. मी समजावून सांगितलं. मामा बशी चाटत म्हणाले, "म्हणजे एवढी वर्षं टिकणार असेल तर आजच संपवायची घाई काय?"

विमान तिसऱ्या दिवशी रात्रीचं होतं. दुपारभर सामान बांधून (कुणी, ते विचारू नये) संध्याकाळी आम्ही लुंफिनी बागेत गेलो. भर शहरात तळं, झाडं, तळ्याकाठी घोरपडी. आपल्याकडे घोरपड म्हटलं की तानाजी आणि दोर, इथे ती मगरीएवढी, गवतावर पोट टेकून, जीभ आतबाहेर करत पडलेली. पोरंटोरं तिच्या बाजूने सायकली काढतात, ती मान वळवत नाही. मामा तिच्याकडे बराच वेळ आदराने बघत होते. इतक्या दिवसांत त्यांना भेटलेलं पहिलं समविचारी माणूस. तीही जागची हलली नाही, तेही हलले नाहीत.

सहा वाजता मात्र चमत्कार झाला. कर्ण्यांतून राष्ट्रगीत सुरू झालं आणि अख्खी बाग जागच्या जागी थांबली. पळणारे पळता पळता थांबले, व्यायाम करणाऱ्या बायका हात खाली घेऊन उभ्या राहिल्या, शेंगदाणे खाणारा मुलगा मूठ मिटून ताठ झाला. थायलंडमध्ये सार्वजनिक जागी रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला हे असं होतं. मामा नेमके एक चप्पल घालून दुसरी शोधत होते. ते तसेच, एक पाय अनवाणी, सावधान. गीत संपलं. क्षणात सगळी बाग पुन्हा पळायला लागली, कुठून थांबलो होतो ते कुणी विसरलं नाही. मामांचे डोळे भरून आले. "एका माइकवर," ते म्हणाले, "एका माइकवर अख्खं शहर! याला म्हणतात कंट्रोल." त्यांच्या आगारात माइकवर फक्त कुत्री मान वर करत होती.

सुवर्णभूमीवर इमिग्रेशन संपवून आत गेलं की समोर समुद्रमंथनाचं भव्य शिल्प आहे. कासवाच्या पाठीवर मंदार पर्वत, त्याला वासुकीचे वेढे, एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला दानव, सगळे अंग मागे झोकून ओढतायत. शिखरावर विष्णू. मामा गाडीवर बसलेले होते, विमानतळाने वयस्कांसाठी दिलेल्या. ते शिल्पाकडे बघून खूश झाले. "बघ, वर उभा आहे तो कंट्रोलर. हालचाल नाही, काही नाही. निवांत. आणि सगळं व्यवस्थित चाललंय."

मामींच्या एका खांद्यावर पर्स, दुसऱ्यावर मामांची केबिन बॅग, हातात तीन बोर्डिंग पास, काखेत मामांची शाल. त्या शिल्पाभोवती एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "खालचे ओढणारे दिसले का तुम्हाला?"

मामा म्हणाले, "ते घाईत आहेत."

मेलबर्नला पोचल्यावर जेवणाच्या टेबलावर बँकॉकचं वर्णन अर्थातच मामांनी केलं. नळी, शिट्टी, बाकावरचा गृहस्थ, घोरपड, राष्ट्रगीत. नातवंडं पोट धरून हसली. खरं सांगायचं तर आम्हा तिघांत बँकॉक सर्वांत रंगतदार त्यांनीच पाहिलं होतं. एका जागी बसलेल्या माणसाजवळ शहर स्वतःहून येतं, त्यात शंका नाही. नातीने विचारलं, "आजोबा, पॅलेस कसा आहे?" तर म्हणाले, "बंद होता."

तेव्हा बँकॉकला थांबा मिळत असेल तर जरूर घ्या, दोन रात्री पुरतात. पॅलेसची तिकीटखिडकी साडेतीनला बंद होते, गुडघे झाकलेले ठेवा, नारिंगी बावट्याची होडी पकडा, आणि कुणी बंद आहे म्हणालं तर व्हेरी गुड म्हणून पुढे चालू लागा. आणि तुमच्या घरात असे कुणी मुक्कामी मामा असतील, तर निदान एक दिवस सावलीतला तो बाक मामींना द्या. पासपोर्ट, पाण्याच्या बाटल्या, चपलांची पिशवी आणि शाकाहारी हॉटेलचा शोध, हे सगळं मामांकडे सोपवा. निवांतपणा फार चांगली गोष्ट आहे. फक्त त्याचं तिकीट ज्याने त्याने आपापलं काढावं.